परग्रहावरचा पाहुणा आणि दुसऱ्याचं मन

आजच्या विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काही जण गालातल्या गालात हसले असतील. हसणं रास्तच आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत परग्रहावरच्या आक्रमकांचे जे स्वस्तातले चित्रपट निघाले, ते बघताना हसू आवरत नाही. उडत्या तबकडीची दोरी दिसते, राक्षसाच्या पाठीची शिवण दिसते, आणि जग जिंकायला आलेला प्राणी एका गुहेच्या तोंडाशी अडकून बसलेला असतो.

आमची सगळी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. ‘समोरच्याला मन आहे हे आपल्याला कशावरून कळतं?’ असा प्रश्न फळ्यावर लिहिला की मुलं जांभया देत. यातल्या एखाद्या चित्रपटाची गोष्ट सांगितली की तीच मुलं सरसावून बसत. तेव्हा आम्हाला वाटे, चला, उदाहरण म्हणून बरं आहे. पण पुढे हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहताना एक गोष्ट लक्षात येत गेली. हा प्रश्न त्या चित्रपटांत कुणी तत्त्वज्ञाने आणून बसवलेला नाही. तो पैशाच्या चणचणीतून आलेला आहे. आज आपण तेवढंच नीट बघू.

आधी पैशाचं. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंना चित्रपटगृहांच्या मालकीपासून दूर व्हायला लावणारा निकाल दिला. तोवर चित्रपट काढणारे तेच आणि दाखवणारेही तेच, असा मामला होता. तो मोडला. त्यातच घरोघर टेलिव्हिजन आला, थोरली माणसं घरी बसली. मग तिकीट काढून बाहेर येणार कोण? तरुण पोरं. गाडीत बसून उघड्या मैदानात चित्रपट बघायचा, ती ‘ड्राइव्ह-इन’ थिएटरं त्या दशकाच्या शेवटी चार हजारांच्या पुढे गेली होती. या पोरांसाठी जोडीने दोन चित्रपट एका तिकिटात द्यायचे, तेही भराभर. ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ नावाची कंपनी यात तरबेज. त्यांची पद्धत अशी, की आधी नाव ठरवायचं, मग पोस्टर काढायचं, थिएटरवाल्यांना ते पसंत पडलं की मग कथा लिहायला घ्यायची. पोस्टरवर राक्षस इमारतीएवढा. प्रत्यक्षात राक्षस करायची वेळ येईपर्यंत थैलीत काय उरलेलं असायचं ते विचारू नका.

‘रोबॉट मॉन्स्टर’ हा १९५३चा चित्रपट घ्या. दिग्दर्शक फिल टकर. यंत्रमानवाचा पोशाख शिवायला पैसे नव्हते, म्हणून स्वतःचा गोरिलाचा पोशाख असलेला एक नट त्यांनी बोलावला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण चढवलं. झाला परग्रहवासी. सोबतीला साबणाचे फुगे सोडणारं एक यंत्र. चार दिवसांत चित्रीकरण उरकलं. यात एक मौज आहे. शेवटच्या उरलेल्या माणसांना मारून टाक असा हुकूम त्या केसाळ पाहुण्याला झालेला असतो, पण त्यांतल्या एका मुलीवर त्याचा जीव जडतो. मग तो एकटाच उभा राहून विचार करतो, की जे केलंच पाहिजे आणि जे करवत नाही, या दोहोंची गाठ कुठे पडते? कांटच्या नीतिशास्त्रातला हा गहन प्रश्न. ‘करायला हवं’ असं म्हणायचं तर ‘करता येईल’ हे आधी गृहीत धरावं लागतं. गोरिलाच्या पोशाखातून तो ऐकायला मिळेल असं कांटला वाटलं नसेल.

आता ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’. साल १९५६, दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. हे गृहस्थ मुळात इंजिनिअरिंग शिकलेले. शुक्रावरून आलेला प्राणी दाखवायचा होता. त्यांनी हिशेब केला, की तिथलं गुरुत्वाकर्षण जबर असेल, तेव्हा प्राणी बुटका आणि बसका हवा. खरं तर शुक्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा थोडं कमीच आहे, पण ते सोडून द्या. पॉल ब्लेसडेल या कारागिराने तसा प्राणी करून दिला. उलट्या ठेवलेल्या शंकूसारखा, दात विचकलेला, खेकड्याचे हात असलेला. नायिका बेव्हर्ली गारलँड सेटवर आल्या, त्याच्याकडे वरून खाली बघितलं, तू का जग जिंकणार म्हणून त्याची खिल्ली उडवली आणि त्याला एक लाथ घातली. कॉर्मननी धडा घेतला. राक्षस नायिकेपेक्षा उंच असलाच पाहिजे. मग त्याचं डोकं वाढवून घेतलं.

पण या चित्रपटात त्या शंकूपेक्षा कितीतरी भारी एक युक्ती आहे. प्राणी गुहेतच बसून राहतो. तो वटवाघळासारखे छोटे उडते जीव सोडतो, ते माणसाच्या मानेत काहीतरी रोवतात, आणि तो माणूस प्राण्याच्या ताब्यात जातो. दिसायला तोच, बोलायला तोच. फक्त भावना गेलेली. आता निर्मात्याच्या बाजूने बघा. पोलीस अधिकाऱ्याचं काम करणारा नट तोच, कपडे तेच, फक्त त्याला सांगायचं, ‘आता चेहऱ्यावर काही आणू नकोस.’ खर्च शून्य. वीज आणि गाड्या बंद पडल्या आहेत हे कसं दाखवायचं? नायकाला सायकलवर बसवायचं!

पुढच्याच वर्षी कॉर्मननी ‘नॉट ऑफ धिस अर्थ’ केला. त्यात तर परग्रहवासी म्हणजे काळा सूट, काळा चष्मा आणि हातात एक पेटी घेतलेला गृहस्थ. मिस्टर जॉन्सन. बोलणं जरा छापील, मोठा आवाज सहन होत नाही, आणि आपल्या मरू घातलेल्या ग्रहासाठी तो माणसांचं रक्त गोळा करतोय. चष्म्याच्या किमतीत आक्रमण. शेवटी जॉन्सन मरतो, त्याचं दफन होतं, आणि दूरवरून तसाच चष्मा लावलेला, तशीच पेटी घेतलेला दुसरा गृहस्थ चालत येताना दिसतो. तो साधा चालत येणारा माणूस कुठल्याही रबरी राक्षसाहून जास्त अंगावर येतो.

थोडक्यात, ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी राक्षस बाहेर दाखवला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना तो शेजाऱ्याच्या आत बसवावा लागला. राक्षस बाहेर असला की प्रश्न फक्त बंदुकीचा आणि बॉम्बचा असतो. तो आत असला की प्रश्न वेगळा होतो. हा माझा काका आहे की नाही, हे मी कशावरून ठरवू?

या प्रश्नाचा सगळ्यात कसलेला चित्रपट म्हणजे डॉन सीगल यांचा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’. हाही १९५६चा. जॅक फिनी यांची कादंबरी १९५४मध्ये एका नियतकालिकात क्रमशः आली होती, तिच्यावर तो बेतलेला. खर्च चार लाख डॉलरच्या आसपास. त्याच वर्षी एमजीएमने ‘फॉरबिडन प्लॅनेट’वर सुमारे १९ लाख खर्च केले होते, त्यावरून अंदाज करा. इथे राक्षस नाहीच. मोठ्या शेंगा आहेत. माणूस झोपला की शेंगेतून हुबेहूब त्याच्यासारखा दुसरा तयार होतो आणि मूळचा नाहीसा होतो.

सांता मिरा नावाचं एक काल्पनिक गाव. डॉक्टर माइल्स बाहेरगावाहून परततो तर लोक विचित्र तक्रारी घेऊन येतात. एक लहान मुलगा जिवाच्या आकांताने सांगतो, ही माझी आई नाही. विल्मा नावाची बाई सांगते, हे आमचे आयरा काका नाहीत. डॉक्टर विचारतो, दिसतात तसेच ना? हो. आवाज? तोच. जुन्या आठवणी? सगळ्या बरोबर सांगतात. मग बिघडलं कुठे? ती म्हणते, माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत एक खास काहीतरी असायचं, ते आता नाही. आणि खरी भीती पुढेच आहे. थोड्याच वेळात तोच मुलगा आईजवळ शांत बसलेला दिसतो. विल्माही म्हणते, माझाच गैरसमज झाला होता. तक्रार मिटली, कारण तक्रार करणारंच कुणी उरलं नाही.

वैद्यकात या तक्रारीला नाव आहे. १९२३मध्ये कापग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने सहकाऱ्यासह तिचं वर्णन केलं. रुग्ण म्हणतो, हा माणूस माझ्या वडिलांसारखा दिसतो खरा, पण तोतया आहे. रामचंद्रन यांच्यासारख्या मेंदूशास्त्रज्ञांनी सुचवलेलं स्पष्टीकरण असं, की चेहरा ओळखणारा भाग शाबूत असतो, पण ओळखीसोबत उमटणाऱ्या आपलेपणाशी त्याचा सांधा तुटलेला असतो. म्हणजे ओळख पटायला दोन गोष्टी लागतात, माहिती आणि ऊब. विल्माच्या बाबतीत फरक इतकाच, की तिचा मेंदू ठीक आहे. ऊब खरंच समोरच्यातून गेलेली आहे.

आता आपल्याकडची एक यादी आठवा. न्यायसूत्रात गौतमांनी आत्म्याची सहा लिंगं, म्हणजे खुणा, सांगितल्या आहेत. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान. आत्मा डोळ्यांना दिसत नाही, पण या खुणांवरून त्याचं अनुमान करायचं. धूर दिसला की अग्नी आहे म्हणतो तसं. ही यादी शेंगेतल्या माणसाला लावून बघा. ज्ञान आहे, पुरेपूर. प्रयत्नही आहे, सगळं गाव मिळून ट्रकमध्ये शेंगा भरतंय. इच्छा, द्वेष, सुख, दुःख या चार मात्र गेल्या. सहातल्या दोन खुणा उरलेला तो माणूस आहे का?

इथे एक घोटाळा टाळू या. हल्लीच्या तत्त्वज्ञानात डेव्हिड चामर्स वगैरेंनी ‘झॉम्बी’ची कल्पना मांडली आहे. तो बाहेरून तंतोतंत माणूस असतो, आत अनुभवाचा पत्ता नसतो, आणि बाहेरून ते कधीच कळू शकत नाही. शेंगेतला माणूस तसा नाही. त्याला मन आहे, तो योजना आखतो, वाद घालतो, आणि आपल्यात काय नाही ते उघड सांगतो. झॉम्बी ही तर्काची करामत आहे. शेंगेतला माणूस मात्र आपल्याला ओळखीचा वाटतो. तसे दोन-चार जण आपण कुठल्या ना कुठल्या खिडकीपलीकडे पाहिलेले असतात.

आता आमच्या मते या चित्रपटातली सगळ्यात अवघड जागा. गावातला मनोविकारतज्ज्ञ स्वतः बदलून गेल्यावर माइल्सला समजावतो, की घाबरू नकोस, झोप, उठशील तेव्हा प्रेम नाही, वासना नाही, महत्त्वाकांक्षा नाही, दुःख नाही. सगळं सोपं. अमेरिकन प्रेक्षक हे ऐकून शहारतो. आपण मात्र जरा थबकायला हवं. कारण हे आपण कुठेतरी ऐकलेलं आहे! दुःखात उद्वेग नाही, सुखाची हाव नाही, राग, भय, क्रोध गेलेले, हे तर गीतेतल्या स्थितप्रज्ञाचं वर्णन. मग आयरा काका स्थितप्रज्ञ झाले म्हणायचे की काय?

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण आपल्या परंपरेत तो गंभीरपणे विचारला गेला आहे. नैयायिकांच्या मते मोक्षात दुःख जातं, त्याबरोबर सुख आणि ज्ञानही जातं. यावर बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने नैषधचरितात एका पात्राच्या तोंडी चिमटा काढला आहे. शहाण्यासुरत्या माणसांना दगड होण्याचं शास्त्र शिकवणारा हा गोतम नावाप्रमाणेच ‘गो-तम’ आहे, म्हणजे बैलांतला श्रेष्ठ. म्हणजे शेंगेतल्या माणसाची भीती आपल्याकडेही होती.

याचं उत्तर चित्रपट एका कुत्र्याच्या मार्फत देतो. माइल्स आणि बेकी लपलेल्या जागेतून निसटतात. रस्त्यावर सगळे बदललेले लोक. वाचायचं तर चेहरा कोरा ठेवून, त्यांच्यातलेच असल्यासारखं चालायचं. ट्युरिंगची कसोटी तुम्हाला माहीत आहे. १९५०चा निबंध, यंत्राने माणसाची बतावणी करायची. इथे ती उलटी झाली आहे, माणसांना भावशून्याची बतावणी करायची आहे. जमतंही थोडा वेळ. तेवढ्यात एक कुत्रा भरधाव ट्रकसमोर येतो आणि बेकीच्या तोंडून किंकाळी निघते. सगळं संपलं. कुत्रा तिचा नव्हता, त्याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

नामदेवांची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. नामदेवांना स्वतःच्या सुखदुःखाची तमा नव्हती असं आपण मानतो. पण कुत्र्याच्या कोरड्या पोळीची होती. शेंगेतला माणूस वाटी घेऊन धावणार नाही. स्थितप्रज्ञ आणि शेंग यांत फरक करायचा तर तो इथे करावा लागेल, असं आम्हाला वाटतं. गीतेच्या ज्या व्याख्यानांत समत्वाचा महिमा सांगताना करुणेचा उल्लेखच येत नाही, ती ऐकताना आम्हाला हटकून सांता मिरा आठवतं.

या चित्रपटांचा राजकीय अर्थ बराच चघळून झाला आहे, तेव्हा थोडक्यात. कुणी म्हणतं बदललेली माणसं म्हणजे कम्युनिस्ट. कोरियन युद्धानंतर ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द तिथे घरोघर पोचला होताच. कुणी म्हणतं, छे, ती सिनेटर मॅकार्थींच्या मागे मुकाट जाणारी माणसं. दोन्ही अर्थ बसतात, आणि दोन्ही बसतात हीच त्यांची मर्यादा. सुझन सोन्टॅग यांनी १९६५च्या निबंधात केलेलं निरीक्षण जास्त खोल आहे. पूर्वीच्या भयकथांत माणसाच्या आतला पशू उफाळून येई, आता भीती माणसाचं यंत्र होण्याची आहे.

पण एक गोष्ट या चर्चेत हरवते, आणि ती आम्हाला फार खुपते. पुन्हा ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’कडे जाऊ. नायक शास्त्रज्ञ पॉल घरी येतो. त्याची बायको ताब्यात गेलेली आहे. ती त्याच्यावरही तो उडता जीव सोडते. तो त्याला मारतो. आणि मग बायकोला गोळी घालतो. कुठे घासाघीस नाही, मानेतलं ते काढता येईल का याचा विचार नाही. चित्रपटाचा निवाडा असा, की ती आधीच गेलेली होती, गोळी फक्त देहाला लागली. शेवटी हाच पॉल माणसाच्या भावनाशीलतेवर भाषण देतो! आम्ही हा प्रसंग वर्गात सांगून विचारत असू, या घरात त्या क्षणी भावना कुणाची गेली होती?

समोरच्याला मन आहे हे आपण अनुमानाने ठरवतो, असं धर्मकीर्ती सांगतो. सातव्या शतकातला हा बौद्ध तर्कपंडित, त्याचा ‘संतानांतरसिद्धि’ हा ग्रंथ याच प्रश्नावर आहे. मूळ संस्कृत हरवलं, तिबेटी भाषांतरात टिकलं. माझ्या बोलण्या-चालण्यामागे माझा हेतू असतो हे मला कळतं, तसंच बोलणं-चालणं तुमचं दिसतं, तेव्हा तुमच्याही मागे हेतू असणार. युक्तिवाद स्वच्छ आहे. पण अनुमान म्हटलं की ते फिरवताही येतं. आज पुरावा आहे म्हणून तुम्ही माणूस, उद्या पुरावा कमी पडला म्हणून नाही. विट्गेन्स्टाइनला हाच मार्ग नको होता. १९५३मध्ये, म्हणजे आपल्या गोरिलाच्याच वर्षी, त्याच्या मरणोत्तर आलेल्या ग्रंथात तो सुचवतो, की समोरच्याला आत्मा आहे हे माझं मत नसतं. माझं त्याच्याशी वागणंच तसं असतं. मत बदलता येतं. वागण्यात आपण आधीच गुंतलेले असतो.

या दृष्टीने १९५८चा ‘आय मॅरीड अ मॉन्स्टर फ्रॉम आउटर स्पेस’ पाहण्यासारखा आहे. नावावर जाऊ नका. मार्जचं लग्न होतं, पण आदल्याच रात्री तिच्या होणाऱ्या नवऱ्याची जागा परग्रहवासीयाने घेतलेली असते. त्यांच्या ग्रहावरच्या स्त्रिया मरून गेल्या आहेत. वर्षभर ती एका अनोळखी माणसाशी संसार करते आणि तिचं कुणीच ऐकून घेत नाही. कुत्र्यांना मात्र ते ओळखू येतात. पण इथला आक्रमक माणसाच्या देहात राहता राहता हळूहळू बदलू लागतो. आपल्याला काहीतरी वाटायला लागलंय, असं तो तिला सांगतो. त्याचं काय करायचं याचं उत्तर चित्रपटाजवळ नाही, तो त्याला मारूनच टाकतो. तरी प्रेक्षकाच्या मनात अर्धी बाजू त्याची राहते.

व्याख्यानानंतरचा एक प्रश्न शब्दांकनात ठेवायचा असं ठरलं, म्हणून देतो. एका ताईंनी विचारलं, “सर, आमच्या आईला विस्मरणाचा आजार आहे. ती मला ओळखत नाही. नातेवाईक म्हणतात, ती आता ती राहिलीच नाही. तुमच्या विल्मासारखंच नाही का हे?”

आम्ही म्हटलं, ताई, ती सहा खुणांची यादी पुन्हा घेऊ. आयरा काकांचं ज्ञान शाबूत होतं, सगळ्या आठवणी बरोबर होत्या, आणि इच्छा, द्वेष, सुख, दुःख गेलेलं होतं. तुमच्या आईंचं ज्ञान चाललंय. बाकीच्या चारांचं काय? त्यांना काही आवडतं का, नकोसं होतं का?

त्या म्हणाल्या, “चहात साखर कमी पडली तर कप ढकलून देते.”

म्हटलं, मग द्वेष ठणठणीत आहे. सगळे हसले, ताईही हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि रात्री पायांना तेल लावलं की डोळे मिटून घेते.”